हिरव्या झग्यातले फादर

२ सप्टेंबर, मंगळवार

ही डायरी दोरेवाल्याने जानेवारीत फुकट दिली होती. आठ महिने कपाटात पडून होती. आजपासून लिहायला घेते, कारण आज चर्चच्या वस्त्रांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात आली आहे.

झालं असं, की घंटाकाका पायरीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. चाळीस वर्षं तेच घंटा वाजवायचे, आणि वेदीमागच्या खोलीतली वस्त्रं, पेले, मेणबत्त्याही तेच बघायचे. घंटेला पोरं मिळाली, पण वस्त्रांना कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. एक तर मी शिंपीण, पस्तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवते आहे. दुसरं म्हणजे फादर माझा सख्खा धाकटा भाऊ.

फादर म्हणजे आमचा ढब्बू. लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून ढब्बू. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मी सोळाची. त्याला आंघोळ घालण्यापासून सेमिनरीच्या, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेच्या, दारात सोडण्यापर्यंत सगळं मीच केलं. वीस वर्षं लांबलांबच्या चर्चमध्ये काढली आणि या जूनमध्ये बदली होऊन आमच्याकडे आला. येताना एकच बॅग. म्हटलं, "अरे, वीस वर्षांचा पसारा एका बॅगेत?" तर म्हणाला, "पुस्तकं वाटून टाकली, ताई." बरं झालं. नाहीतरी धूळच खातात.

मी एक नियम केला आहे. जेवायला घरी आला की ढब्बू आणि अरे-तुरे. अंगावर वस्त्रं चढली की फादर आणि अहो-जाहो. त्याला हसू येतं. येईना का.

४ सप्टेंबर, गुरुवार

घंटाकाकांकडे शिकवणी झाली. ते पलंगावर पाय टांगून पडलेले, तरी जीभ ठणठणीत. उशीचा अभ्रा, लुंगी आणि पंचा घेऊन मला सगळा क्रम दाखवला. आधी पायघोळ पांढरा अंगरखा. मग कमरेला दोरी. मग गळ्यात स्टोल, म्हणजे ती लांब पट्टी, जी घातल्याशिवाय फादरने मिस्सेला, म्हणजे रोजच्या मुख्य प्रार्थनेला, उभंच राहायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्याच्या वरून, झगा. त्याचा रंग सणावाराप्रमाणे बदलतो, हल्ली हिरव्याचे दिवस आहेत.

"प्रत्येक वस्त्राची एकेक छोटी प्रार्थना असते, पोरी," काका म्हणाले. "घालताना फादर पुटपुटतात. तेवढा वेळ तू तोंडाला कुलूप लावायचं."

"प्रयत्न करीन," मी म्हटलं.

"तुला जमायचं नाही. पण प्रयत्न कर."

संध्याकाळच्या मिस्सेआधी मी खरंच गप्प उभी राहिले, पण ढब्बू काही पुटपुटलाच नाही. सुटणारी बस पकडायची असावी तशी भराभरा वस्त्रं अंगावर चढवली. स्टोलच्या मधोमध छोटा क्रॉस असतो, त्याला ओठ लावून मग तो गळ्यात घालायचा. यांनी टॉवेल टाकावा तसा टाकला. माझ्या लगेच लक्षात आलं. स्टोलला डांबरगोळ्यांचा वास मारतोय, ओठ कोण लावणार? उद्या दिवसभर उन्हात टांगते.

७ सप्टेंबर, रविवार

ढब्बू जेवायला आला. नुसतं चिवडत होता. मनगटं बघवत नाहीत, आता त्याला ढब्बू म्हणायचं म्हणजे थट्टाच.

मध्येच म्हणाला, "ताई, हल्ली झगा घातला की वाटतं, दुसऱ्याच कुणाचे तरी कपडे घालून लोकांपुढे उभा आहे."

"वाटणारच. केवढा वाळलायस! नुसता लोंबतो अंगावर."

तो हसला. मग म्हणाला, "तुझ्या दुकानात एक माणूस लागेल का? वय अठ्ठेचाळीस. शिवण येत नाही."

"बटणं लावता येतात?"

"शिकेन."

"आणि फादरपणाचं काय करणार तो माणूस?"

"तेच ठरवतोय," म्हणाला. "बिशपना पत्र लिहून ठेवलंय. टाकायचं तेवढं राहिलंय."

हे मात्र बरं केलं. वस्त्रांच्या खोलीचं छप्पर जूनपासून गळतंय, दुरुस्तीचे पैसे बिशपकडूनच येतात, मी कधीची त्याच्या मागे लागले होते. म्हटलं, "टाक लवकर, नाहीतर सगळा ठेवा भिजून जाईल." त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि "हं" केलं. लहानपणापासून अस्सा विसरभोळा. शाळेतून बाबांना आलेल्या चिठ्ठ्या मोज्यात ठेवून द्यायचा.

बाकी थट्टा करायची सवय अजून गेली नाही, याचं बरं वाटलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

हिरवा झगा दुकानात आणला आणि दोन्ही बाजूंनी चार-चार इंच आत घेतला. खांद्यालाही थोडा उतार दिला. आतून अशी शिवण घातली की कुणाच्या बापाला कळणार नाही. जुनं कापड आहे, पण काय कापड आहे! हल्ली असं बघायला मिळत नाही. आता कसा अगदी मापाचा झाला. दुसऱ्याचे कपडे वाटायला नकोत आमच्या पोराला.

१४ सप्टेंबर, रविवार

सगळ्यांनी बघितलं. ढब्बू त्या झग्यात सडपातळ, उंच, अगदी जाहिरातीतल्यासारखा दिसत होता. मला मिस्सेत लक्षच लागेना, सारखी खांद्याची शिवण बघत होते. शेवटी समजलं की पुढच्या दोन बाकांवरच्या बायकाही तेच बघत होत्या.

एकच घोटाळा झाला. आज हिरवा नव्हे, लाल झगा हवा होता. कपाटाच्या दारावर काकांनी कुठल्या दिवशी कुठला रंग याचा तक्ता लावलेला आहे, पण माझा झगा कधी एकदा अंगावर चढतो असं झालं होतं, तक्त्याकडे बघतंय कोण! नवल म्हणजे ढब्बूच्याही ध्यानात आलं नाही. हिरवा दिला, हिरवा घातला. निळा रेनकोट दिला असता तरी घातला असता.

१५ सप्टेंबर, सोमवार

बातमी काकांपर्यंत पोचली. बोलावणं आलं. पलंगावरून उठता येत नव्हतं म्हणून वाचले.

"लाल-हिरव्याचं सोडून देतो," काका म्हणाले. "नवी आहेस. पण झगा मापात करायला तुला कुणी सांगितलं?"

"लोंबत होता, काका. पस्तीस वर्षं माणसांची मापं घेतेय मी."

"म्हणूनच चुकलीस! अगं, तो लोंबायलाच हवा. सगळ्याच्या वरून घालायचा असतो तो. आतला माणूस जाडा आहे की बारीक, काल कुणाशी भांडून आलाय, शर्टाची कॉलर फाटलीय, काही म्हणजे काही दिसता कामा नये. लोक काय त्या माणसाला बघायला येतात?"

काकांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि पुन्हा सुरू झाले.

"या एका झग्यात मी नऊ फादर उभे राहिलेले बघितलेत. एक सहा फूट, एक माझ्या खांद्याला लागायचे. एक जण असे तापट की घंटा अर्धा मिनिट उशिरा झाली तर आठवडाभर बोलायचे नाहीत. आणि एक होते, ते मला म्हणाले होते, 'काका, वर्ष झालं, मी प्रार्थनेला बसतो आणि पलीकडे कुणी नाहीच असं वाटतं.' वर्षभर, पोरी! तरी रोज सकाळी इथे यायचे, झगा घालायचे, मिस्सा करायचे. लोकांना जे मिळायचं ते मिळत होतं. त्यात काही कमी पडलं नाही. झग्याने कुणाचंच माप घेतलं नव्हतं."

मला रागही आला आणि पटलंही. घरी येऊन शिवण उसवायला बसले. स्वतःची चांगली शिवण उसवताना जिवावर येतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

ढब्बू दुकानात आला तेव्हा मी शेवटचे टाके काढत होते. काका काय म्हणाले ते त्याला साग्रसंगीत सांगितलं, म्हणजे शिव्या वगळून. शेवटी म्हटलं, "तेव्हा तुला सैल होतोय की घट्ट, ते बघायचंच नाहीये म्हणे. तू आपला आत शिर आणि कामाला लाग."

त्याने झगा मांडीवर घेतला. उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "ते वर्षभरवाले फादर... त्यांचं पुढे काय झालं?"

"काय व्हायचंय? बदली झाली, म्हातारे झाले, गेले."

"फादर म्हणूनच?"

"मग काय गवंडी म्हणून? काहीतरीच तुझं."

रात्रीचं जेवण तो माझ्याकडेच जेवला. दोनदा मागून घेतलं. पाऊस ओसरला की भूक परत येतेच.

२७ सप्टेंबर, शनिवार

रात्रीचे अकरा वाजलेत, तरी लिहिते.

दुपारी वेदीवरचे रुमाल धुवायला काढले. हे रुमाल धुतले की पहिलं पाणी मोरीत ओतायचं नसतं, मातीत ओतायचं असतं. काकांनी तीन वेळा बजावलं आहे. ज्यावर पेला ठेवतात तो चौकोनी रुमाल एका कडक कापडी पाकिटात राहतो, आणि ते पाकीट रोज वेदीवर नेतात. आज बघते तर पाकीट फुगलेलं. आत रुमालामागे एक लखोटा! ढब्बूचं अक्षर, बिशपचा पत्ता, चिकटवून बंद केलेला. कोपरे मऊ पडले होते, म्हणजे आठवडेच्या आठवडे तो रोज वेदीवर जाऊन येत होता.

मी कपाळावर हात मारला. मोज्यातली सवय गेलीच नाही! छपराचं पत्र वेदीवर ठेवून देव काय स्वतः कौलं बसवायला येणार? घरून तिकीट आणलं, चिकटवलं आणि न्हाव्याच्या दुकानासमोरच्या पेटीत टाकून आले. मोठं काम केल्यासारखं वाटलं.

सव्वापाचला ढब्बू आला. साडेपाचची मिस्सा. अंगरखा, दोरी, स्टोल, झगा, नेहमीप्रमाणे दोन मिनिटांत आटपलं. मग वेदीवरचं सामान घेताना त्याने ते पाकीट चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"ताई, यात काही होतं?"

"ते होय? टाकलं पेटीत. तिकीट माझ्याकडून."

त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त कुठे गेलं कोण जाणे. "कधी?" म्हणाला.

"दुपारी."

"पेटी कधी उघडतात?"

"साडेपाचला. अहो, पण फादर..."

फादर कुठले थांबायला! मागच्या दाराने पळत सुटले. पूर्ण वस्त्रांत! मी मागे पळतेय, "अहो झगा! झगा उचला!" म्हणून ओरडतेय. अंगरखा दोन्ही हातांनी वर धरून हा माणूस भर रस्त्यातून, डबक्यातून, सरळ न्हाव्याच्या कोपऱ्यापर्यंत. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी एवढी पळेन असं मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पोस्टमन अजून आला नव्हता. फादर पेटीला टेकून उभे राहिले, छाती भात्यासारखी चाललेली. आणि मग सगळा रस्ता थबकला. न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. त्याचं गिऱ्हाईक तोंडाला अर्धा साबण तसाच ठेवून खुर्चीवरून उठलं. शिडीवर दिवे बसवणारा एक जण खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. बसथांब्यावरची एक म्हातारी काठी टेकत आली, एक अक्षर न बोलता फादरच्या समोर मान वाकवून उभी राहिली.

फादरने आधी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या अंगावरच्या झग्याकडे. मग सावकाश हात वर केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. आशीर्वाद देताना ओठ हलत होते. तिच्यामागे शिडीवाला, त्याच्यामागे साबणवाला. रांगच लागली. मी पेटीशेजारी उभी राहून झग्याची कड चिखलातून वर धरली होती.

पोस्टमन आला, वाकून पेटी उघडली, समोर झग्याची कड दिसली म्हणून वर बघितलं. "फादर? तुम्ही इथे?"

"एक पत्र परत हवं होतं."

"पेटीत पडलं की ज्याचं नाव त्याचं, फादर. मला देता येत नाही. नोकरी जाईल माझी."

"बरोबर आहे तुमचं," फादर म्हणाले.

पोस्टमनलाच वाईट वाटलं. "फार महत्त्वाचं होतं का?"

"हो."

"मग टाकलं कशाला?"

ढब्बूने माझ्याकडे बघितलं नाही, हे त्याचं मोठेपण. थैलीचं तोंड आवळून पोस्टमन निघून गेला.

परत आलो तेव्हा मिस्सेला उशीर झालेला. मी ओल्या फडक्याने कड पुसायला धावले तर फादरने झगा काढूनच ठेवला. स्टोल काढला, दोरी सोडली, अंगरखाही काढला. म्हटलं, "अहो, लोक थांबलेत!"

"एक मिनिट, ताई. मघाशी घाईत घातले होते."

आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा घातलं. प्रत्येक वस्त्र हातात घेऊन, पुटपुटत, डोळे मिटून. मी तोंडाला कुलूप लावलं. स्टोलच्या क्रॉसला ओठ लावले आणि जरा वेळ लावूनच ठेवले. उन्हात टांगल्याचा उपयोग झाला म्हणायचा.

मिस्सा वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. मागच्या बाकावर न्हाव्याचं गिऱ्हाईक बसलं होतं, कानामागे साबण तसाच.

२९ सप्टेंबर, सोमवार

झग्याचा डाग निघाला. ढब्बूला विचारलं, त्या पत्रात एवढं काय चुकलं होतं? म्हणाला, "सगळंच." छपराच्या दुरुस्तीचा आकडा अवाच्या सवा लिहिला असणार. तेव्हापासून फोन वाजला की तो दचकतो. जेवतो मात्र व्यवस्थित.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पाच वाजता चर्चचा फोन वाजला. फादर आजाऱ्याकडे गेले होते, म्हणून मी घेतला. "मी बिशप बोलतोय." मी उभीच होते, तरी आणखी ताठ झाले. म्हटलं, "मी फादरची मोठी बहीण. वस्त्रांचं मी बघते."

"त्यांचं पत्र परवा मिळालं मला," बिशप म्हणाले. आवाज थकलेला वाटला.

"ती माझी चूक, बिशपस्वामी!" मी म्हटलं, आणि मग धरण फुटल्यासारखं सगळं सांगून टाकलं. पाकीट, तिकीट, पेटी, चिखल, कानामागचा साबण. ते मध्ये फक्त एवढंच विचारत होते, "पळाले म्हणता?"

"पळाले! पूर्ण वस्त्रांत!"

"पत्र परत घ्यायला?"

"हो ना. पोस्टमनने दिलं नाही. तो तरी काय करणार?"

"मग फादरनी काय केलं?"

"काय करणार? येऊन मिस्सा केली. पण बिशपस्वामी, एवढं सांगते, गेल्या कित्येक दिवसांत अशी मिस्सा झाली नव्हती."

मला वाटलं फोन कटला. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"ताई, फादरना सांगा, बिशपना पत्र मिळालेलं नाही."

"अहो, पण आत्ताच तर तुम्ही..."

"गहाळ झालं. टपालात होतं असं कधी कधी. आणि सांगा, पुन्हा लिहावंसं वाटलं तर मी जरूर वाचेन. पण पेटीत त्यांनी स्वतःच्या हाताने टाकायचं. बहिणीच्या नाही."

"सांगते. आणि छपराचं कसं करायचं?"

"कसलं छप्पर?" बिशपनी विचारलं.

मी सांगितलं, गळतंय. ते म्हणाले, त्याचं वेगळं लिहून पाठवा. फोन ठेवला आणि मी खुर्ची ओढून बसले. पत्रात छपराचं अक्षरही नव्हतं. मग काय होतं, ते मला समजायला फार वेळ लागला नाही. मीच वाढवलेलं पोर महिनाभर माझ्यासमोर बसून जेवलं, जवळजवळ तोंडाने बोलून गेलं, आणि मी बटणं लावता येतात का विचारत बसले. फार वाईट वाटलं. मी रडलेही थोडी. तिथे कुणी नव्हतं.

मिस्सेला दहा मिनिटं असताना तो आला.

"बिशपचा फोन होता," मी म्हटलं. त्याने टेबलाची कड धरली. "त्यांना तुमचं पत्र मिळालेलं नाही."

"कोण म्हणालं?"

"बिशप."

मी पुढचं सांगितलं, स्वतःच्या हाताने टाकायचं ते. त्याला हसू फुटलं, पण ते हसू वाटेतच कुठेतरी मोडलं. मी काही विचारलं नाही. विचारायला आख्खा जन्म पडला आहे. अंगरखा दिला, दोरी दिली, स्टोल दिला. त्याने एकेक घेतलं, एकेकाची प्रार्थना म्हटली. झगा मी स्वतः उचलला. "हात वर करा," म्हटलं आणि त्याच्या डोक्यावरून घातला.

डोकं बाहेर येईना. गळा केवढा तरी मोठा आहे, अडकण्यासारखं काही नाही. तो आतच उभा राहिला होता. हिरव्या कापडाखाली त्याचे खांदे हलत होते. बाहेर शेवटची घंटा झाली, सगळे बाकांवरून उठल्याचा आवाज आला.

"ताई," आतून आवाज आला.

मी कापडावरूनच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आहे मी इथेच," म्हटलं. "पण आता बाहेर या, फादर. लोक उभे राहिलेत."